गॅसची पाईप तपासायची कोणी?

खारघरच्या कितीतरी इमारतींत वर घरे आणि खाली गाळे आहेत. या गाळ्यांत आपले अनेक बांधव बेकरी, बिर्याणी, कबाब असे धंदे करतात. महानगर गॅसची पाईप आली, तेथे सिलिंडर वाहण्याचा त्रास वाचला. पण एकदा बसवलेल्या पाईपकडे पुन्हा पाहायचे कोणी? गाळेवाला मालकाकडे बोट दाखवतो, मालक सोसायटीकडे, सोसायटी कंपनीकडे.

या टोलवाटोलवीची किंमत न्यूयॉर्कने मोजली आहे. तेथे मार्च २०१४ मध्ये गॅसच्या स्फोटाने दोन इमारती कोसळल्या, आठ माणसे गेली. मार्च २०१५ मध्ये तळमजल्यावर हॉटेल असलेल्या इमारतीत स्फोट झाला. एक गिऱ्हाईक आणि एक हॉटेल कामगार प्राणास मुकले. मूळ कारण होते चोरून जोडलेली गॅसलाइन. त्यानंतर २०१६ साली त्या शहराने कायदा केला. इमारतीच्या मालकाने दर चार वर्षांनी परवानाधारक जाणकाराकडून उघडी गॅस पाईप तपासून घ्यायची आणि दाखला द्यायचा. लहान एक-दोन कुटुंबांची घरे तेवढी वगळली.

आपल्याकडे महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार, त्याच्या कक्षेतील इमारतींच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारी व जुलैत आगीच्या बंदोबस्ताचा दाखला द्यावयाचा असतो. आमचे म्हणणे एवढेच की, त्याच फेरीत गॅसची पाईपही जाणकाराला दाखवावी. कोकणच्या पावसात क्लॅम्पखाली गंज धरतो, तो खालून दिसत नाही. फर्निचरमागे झाकलेली पाईप आणि हात न पोहोचणारा व्हॉल्व्ह हेही तितकेच घातक.

खर्च कोणाचा, हे भाडेकरारातच लिहून घ्यावे. सामाईक पाईपचा सोसायटीने, गाळ्यातल्या जोडणीचा गाळेवाल्याने करावा, हे आम्हांस न्याय्य वाटते. भट्टी हलवताना स्वस्तातला प्लंबर बोलावून पाईप वळवून घेणे मात्र कायमचे बंद करावे.

आणखी एक गोष्ट. पाईपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. सिलिंडरचा जड, तो जमिनीलगत साचतो. म्हणून पाईपवाल्याने झरोका छताजवळ ठेवावा, सिलिंडरवाल्याने खाली. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता व्हॉल्व्ह बंद करावा, दारे उघडावीत आणि सर्वांना बाहेर काढावे.

तपासणीचा खर्च एका दिवसाच्या गल्ल्यातून निघेल. पण वरच्या मजल्यावर झोपलेल्या कुटुंबांचा जीव कोणत्या गल्ल्यातून भरून काढणार?