पोहोच आणि पोच

परदेशप्रवासाला निघालेल्या माणसाने फोन बंद करून ठेवावा, असा उपदेश अलीकडे वारंवार कानी पडतो. संपर्क तुटल्यावाचून प्रवासाचा खरा आनंद मिळत नाही, असे या उपदेशकांचे म्हणणे. आम्हांला ते पटत नाही. ज्याच्या घरी ऐंशी वर्षांची आई एकटी आहे, त्याने ही चैन कुणाच्या जिवावर करावी? शेजाऱ्याच्याच ना!

तथापि, संपर्काची बाजू घेणारेही त्याचे स्वरूप पुरते ध्यानात घेत नाहीत. रोमिंगवर असलेल्या भारतीय क्रमांकाला पुण्याहून कुणी फोन लावला, की तो आधी भारतातल्या मूळ कंपनीकडे जातो. ग्राहक कोणत्या देशात, कुणाच्या जाळ्यावर आहे याची नोंद तिच्यापाशी असते. त्यानुसार तो समुद्रापार वळवला जातो. फोन लावणाऱ्याला आपण गावातल्या गावातच बोलतो आहोत असे वाटते (फार तर घंटीचा सूर जरा निराळा लागतो), आणि पुढच्या पल्ल्याचा आकार उचलणाऱ्याच्या माथी बसतो. म्हणजे, तुम्ही कुठे आहात हे दोन देशांतल्या यंत्रणांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते नेमके फोन करणाऱ्याला. पुण्यात सकाळचे अकरा वाजलेले असतात, तेव्हा उन्हाळ्याच्या दिवसांत न्यूयॉर्कमध्ये रात्रीचा दीड झालेला असतो. सोसायटीच्या देखभाल खर्चाची आठवण करून देण्याची ही वेळ नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपने तो आकारही नाहीसा केला, आणि त्याबरोबर विचार करून फोन लावण्याचे उरलेसुरले कारणही.

येथे आनंदीबाई जोशी यांची आठवण होते. १८८३ साली त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. गोपाळराव तिकडे येईपर्यंत उभयतांमधला संवाद पत्रांतूनच चालला, आणि एकेका पत्राला कित्येक आठवडे लागत. गोपाळरावांचे बोचरे शब्द फिलाडेल्फियात हाती पडेपर्यंत लिहिणाऱ्याचा राग बहुधा निवलेलाही असेल. उत्तर द्यायला आनंदीबाईंना सवड होती. त्यांची ती पत्रे आजही वाचावीशी वाटतात, याचे काही श्रेय त्या सवडीला द्यावे लागेल. अर्थात, त्या अंतराचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. परमुलखात माणूस आजारी पडले तरी घरी कळायला तेवढेच आठवडे लागत. ती सवड फार महागात मिळत होती.

आज तर फोन बंद ठेवायचे म्हटले तरी ठेवता येत नाही. भारतीय सिमकार्ड परदेशात जिवंत ठेवण्याचे मुख्य कारण आता आप्तेष्ट नसून बँक हे आहे. ओटीपी त्याच क्रमांकावर यायचा. तो आला नाही, तर स्वतःच्याच खात्यातले पैसे परके होतात. बँकेसाठी उघडे ठेवलेल्या या दारातून मग बाकीचे सगळे जग आत येते.

मराठीत 'पोच' हा मोठा मार्मिक शब्द आहे. पत्राची पोच, पैशांची पोच. आणि 'त्याला पोच नाही' असे आपण म्हणतो तेव्हा समज. संदेशाखालच्या दोन निळ्या खुणा पहिल्या अर्थाची पोच देतात. दुसरीची सोय कोणत्याही कंपनीने केलेली नाही. पूर्वी तार आली की पाकीट उघडण्याआधीच घरात रडू फुटे, कारण तार उगीच येत नसे. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आणि निकडीच्या निरोपाचा वेगळा आवाजच गेला. आता आईच्या छातीत दुखत असल्याचा फोन आणि कर्ज विकणाऱ्याचा फोन एकाच सुरात वाजतात.

तेव्हा आमचे मत असे, की फोन चालू ठेवावा, पण उत्तराला बांधून घेऊ नये. निघण्यापूर्वी घरच्यांशी बोलण्याची एक वेळ ठरवावी. फोन करणाऱ्याने पहिला प्रश्न 'तिकडे किती वाजले?' हा विचारावा, आणि उचलला गेला नाही तर रुसू नये. आई, शेजारी आणि डॉक्टर एवढेच क्रमांक रात्री वाजतील, अशी व्यवस्था आजच्या बहुतेक फोनमध्ये करता येते. बाकीच्यांना सकाळ होईपर्यंत थांबवायला हरकत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनासुद्धा.