मडगार्ड कापण्याआधी



जिल्ह्याच्या बैठकीत भाव, कर्ज, वीज आणि पीकविमा हे विषय ठरलेलेच असतात. मागच्या बैठकीत विषय संपले, लोक उठायला लागले, तेवढ्यात मागे बसलेल्या एका काकांनी वेगळाच प्रश्न काढला. त्यांचा मुलगा चाकणला कंत्राटी कामगार आहे. तिथे त्याने हप्त्यावर जुना पिकअप घेतला, एका गॅरेजात चारही मडगार्डांचा पत्रा ग्राइंडरने कापून घेतला, खोल नक्षीचे मोठे टायर चढवले आणि पेरणीआधी गाडी गावी आणून उभी केली. जुलैत गावातल्या बाकीच्या गाड्या पाणंदीच्या तोंडाशीच रुतल्या. खताच्या गोण्या घेऊन ही एकच गाडी शेतापर्यंत गेली. काकांची छाती फुगली. पंधरा दिवसांनी तालुक्याच्या रस्त्यावर तीच गाडी अडवली गेली आणि दंडाची पावती हातात पडली. काका म्हणाले, “साहेब, शेतापर्यंत गाडी नेली, यात गुन्हा कसला?”

आम्हाला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. आम्ही कॉलेजात माती शिकलो, गाडीचा पत्रा शिकलो नाही. म्हणून नंतर चाकण-भोसरी भागातल्या गॅरेजांत जाऊन बसलो, मिस्त्र्यांशी बोललो, कायदा वाचला. त्यातून आमचे जे मत झाले ते इथे मांडत आहोत.

गरज खोटी नाही

पहिली गोष्ट, पोराने हौसेखातर पत्रा कापला असे कोणी म्हणू नये. शहरात मोठे टायर मिरवायला लावतात, ते आम्हालाही ठाऊक आहे. पण आपली काळी माती काय चीज आहे हे कपाशी आणि ज्वारी करणाऱ्याला सांगायला नको. तिच्यातली चिकणमाती पाणी प्याली की फुगते, तिची ताकद जाते आणि चाक आत जाते. खाली मुरूम नाही, बाजूला चर नाही, अशा पाणंदीवर कंपनीचा अरुंद टायर सुरीसारखा उतरतो.

टायर जमिनीवर जो दाब देतो, तो साधारण त्याच्या आतल्या हवेइतका असतो. चाळीस पौंड हवा म्हणजे चौरस सेंटिमीटरला २.८ किलो. एका चाकावर ५०० किलो ओझे असेल तर टायर सुमारे १८० चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकतो. हवा वीस पौंड केली तर टेकणारी जागा ३६० होते आणि मातीवरचा दाब निम्मा. मोठ्या टायरचा फायदा हाच, की तेच ओझे तो कमी हवेवर पेलतो. शिवाय धुरा जमिनीपासून वर उचलला जातो, मधल्या उंचवट्याला घासत नाही.

ही अक्कल आपल्याला नवी नाही. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली गाडी आपल्या आजोबांनी हाकली. मग रबरी चाकांची टायरगाडी आली. बैल तेच राहिले आणि ओझे वाढले. तेव्हा चाक बदलायला कोणाचा परवाना लागला नव्हता.

पण हिशेब पुरा करू

बैलगाडीचा वेग बैलाचा, पिकअपचा वेग इंजिनाचा. फरक इथून सुरू होतो.

२१५/७५ आर १५ हा पिकअप-जीपला नेहमी दिसणारा टायर घ्या. रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ७५ टक्के आणि रिम १५ इंच. एकूण व्यास भरतो सुमारे ७०३ मिलिमीटर. त्या जागी ३१ इंची टायर घातला तर व्यास ७८७. म्हणजे चाक बारा टक्के मोठे झाले. धुरा साधारण चार सेंटिमीटर वर गेला, हा नफा. आता तोटा पाहा. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६७ ने धावत असते. ब्रेक मात्र तेच राहिले. चाक मोठे झाल्याने त्याच ब्रेकचा रस्त्यावरचा जोर सुमारे दहा टक्के घटला. गाडी अधिक वेगात आहे, अधिक जड चाकावर आहे, अधिक उंच आहे आणि थांबायला उशीर लावते. मागे कापूस वेचून परतणाऱ्या बाया बसल्या असतील तर या दहा टक्क्यांचा अर्थ काय होतो, तो ज्याचा त्याने समजून घ्यावा.

आता पत्र्याचे बघू. मडगार्ड म्हणजे शोभेची झालर नव्हे. चाकाने उडवलेला दगड मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर जाऊ नये, यासाठी ते असते. टायर पत्र्याबाहेर दोन बोटे जरी डोकावला, तरी तो दगड आणि चिखल बाजूला फेकतो. चाकाच्या कमानीच्या कडेला बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे एकत्र जोडलेले असतात. ग्राइंडरने ती कडा उडवली की जोड उघडा पडतो. तो पुन्हा वेल्ड केला नाही, प्रायमर मारला नाही, तर आत चिखल साठतो आणि दोन पावसाळ्यांत गंज भोक पाडतो. रिकाम्या गाडीवर माप घेऊन कापलेले मडगार्ड भरल्या गाडीला कमी पडते. पाटे दबतात, स्टिअरिंग पूर्ण वळते, एक चाक धोंड्यावर चढते आणि टायर नेमका त्या वेळी कापलेल्या धारदार पत्र्याला लागतो. चांगला मिस्त्री हे सगळे जाणतो. तो आधी गाडी भरून माप घेतो, शक्य असेल तिथे कडा कापण्याऐवजी आत वळवतो आणि टायर झाकेल अशी रबरी पट्टी लावतो. पण असा मिस्त्री मिळाला की नाही, हे आपल्या नशिबावर सोडले आहे.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या ५८ व्या कलमाप्रमाणे मालवाहू गाडीच्या प्रत्येक चाकाच्या टायरची संख्या, प्रकार आणि आकार यांची नोंद होते. ५२ वे कलम सांगते की, कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीचा मेळ बसणार नाही असा बदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच कलम काटेकोरपणे लावले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि १८२-अ हे कलम आले. बेकायदा बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. टायर हा एक बदल आणि मडगार्ड हा दुसरा, असा हिशेब लावला तर ज्वारीची किती पोती विकावी लागतील?

दंड एक वेळ भरता येईल. पण अपघात झाला आणि न कळवलेला बदल सापडला, तर विमा कंपनीला दावा अडवायला आयते निमित्त मिळते. मग जखमी माणसाची भरपाई शेतावर येते. आमच्या मते खरी जोखीम ही आहे.

चाकणची दुसरी बाजू

आता त्याच चाकणकडे वेगळ्या नजरेने पाहू. पिंपरीत टेल्को उभी राहिली, आकुर्डीत बजाज टेम्पो. पुढे चाकणच्या कांद्या-बटाट्याच्या शिवारात एकामागून एक वाहनांचे कारखाने आले. २०२४ साली बाजारात आलेली महिंद्राची थार रॉक्स चाकणलाच तयार होते. तिच्या टायरचा व्यास भरतो सुमारे ७८९ मिलिमीटर. काकांच्या पोराने घातलेला टायर ७८७ चा. म्हणजे कंपनीने मोठे चाक लावले तर ते डिझाइन, आणि कदाचित त्याच पट्ट्यात दिवसभर पत्रे जोडणाऱ्या पोराने लावले तर गुन्हा!

इथे टाळी घेऊन थांबणे सोपे आहे. आम्ही थांबणार नाही, कारण ते अर्धसत्य होईल. कंपनीने चाकाबरोबर ब्रेक, पाटे-स्प्रिंगा, स्टिअरिंग आणि वेगाचा काटा यांचाही मेळ बसवलेला असतो, आणि ती गाडी तपासणीतून गेलेली असते. पोराच्या गाडीची तपासणी झालेली नाही. शेतकऱ्याच्या गाडीलाही तशी तपासणी मिळावी, एवढेच आमचे मागणे आहे. तपासणी टाळून सवलत द्या, असे आम्ही म्हणत नाही.

आणि तपासणारे काही दूर देशी नाहीत. १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन पुण्यात वेताळ टेकडीवर आहे, तिचे केंद्र चाकणला आहे. १९६७ ची केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था भोसरीत आहे. कायद्याचे दारही पूर्ण बंद नाही. २०१९ च्याच दुरुस्तीने गाडीतल्या बदलांसाठी मापे, अटी आणि मंजुरीची पद्धत ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. अशा मान्य बदलाने कंपनीची हमी रद्द मानली जाणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. सी. एन. जी. साठी ही वाट मळलेलीच आहे. मान्य संच, मान्य केंद्र, नोंदणीत नोंद, काम झाले. शहराला स्वस्त इंधन हवे होते, त्याची वाट निघाली. खेड्याला चिखलातून गाडी काढायची आहे, त्याची वाट का निघू नये?

तोवर काय करावे

ज्याने अजून पत्रा कापला नाही, त्याने कापू नये. आधी आपल्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला कंपनी कोणता मोठा टायर देते ते विचारावे आणि आर. टी. ओ. कडून नोंद करून घेता येते का ते पाहावे. रुंदी २१५ वरून २३५ झाली तर व्यास फक्त तीन सेंटिमीटर वाढतो. तेवढ्याला बहुधा पत्रा कापावा लागत नाही, तरी भरल्या गाडीवर माप घ्यावेच. पाणंदीत शिरताना रिकाम्या किंवा हलक्या गाडीची हवा कमी करून पाहावी. त्याला पैसा पडत नाही. मात्र डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर ओझ्याखाली तापून फुटतो. आणि ओल्या शेतात मात्र कोणत्याच टायरची गाडी घालू नये. दबलेली माती पुढे मुळांची आणि पाण्याची वाट अडवते.

ज्याने पत्रा कापला आहे, त्याने धार झाकावी, जोड वेल्ड करून रंगवावा, मागे चिखलाची रबरी झडप लावावी, स्टेपनीही त्याच मापाची ठेवावी. एवढ्याने गाडी कायद्यात बसत नाही, हेही लक्षात ठेवावे. जुने टायर पुन्हा चढवणे कमीपणाचे वाटत असेल, पण पोराच्या जिवापुढे आणि शेताच्या सातबाऱ्यापुढे तो कमीपणा काहीच नाही.

बैठकीसाठी ठराव

येत्या जिल्हा बैठकीत तीन मागण्या मांडाव्यात, असे आम्ही सुचवतो. एक, शेतमाल वाहणाऱ्या छोट्या गाड्यांसाठी मोठा टायर, त्याला झाकणारे मडगार्ड आणि लागतील ते ब्रेक यांचा तपासलेला संच केंद्राने मंजूर करावा. दोन, प्रत्येक मालवाहू मॉडेलला जास्तीत जास्त किती मोठा टायर चालतो, हे कंपनीने मराठीत छापून द्यावे. तीन, २०२१ साली जाहीर झालेल्या मातोश्री योजनेतल्या पाणंदी कागदावरून जमिनीवर आणाव्यात. मुरूम पडावा, चर निघावेत.

तिसरी मागणी शेवटी लिहिली, पण मोलाने ती पहिली. पाणंद धड असती तर त्या पोराने गाडीला ग्राइंडर लावलाच नसता. रस्ता सरकारने करायचा होता, तो झाला नाही. शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने गाडी त्या रस्त्याजोगी करून घेतली, आणि दंडही त्यानेच भरला. काकांच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे: काका, पोराची चूक झाली, ती दुरुस्त करा. पण त्याआधी झालेल्या चुकीची पावती कोणाच्या नावाने फाडायची, ते आपण बैठकीत ठरवू.