मुक्कामाची दुसरी रात्र



दिवाळीची सुटी लागली की सातारा-सांगलीकडील कुटुंबांना समुद्राची ओढ लागते. सातारकर उंब्रज-पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठतात. सांगलीकर कोल्हापूर, मलकापूर आणि आंबा घाट ओलांडून रत्नागिरीला पोहोचतात. तेथून सिंधुदुर्ग, गोवा असा चार-पाच दिवसांचा बेत असतो. अलीकडे त्यातील एक दिवस समुद्रकाठच्या आलिशान हॉटेलात ‘आरामासाठी’ राखून ठेवण्याची पद्धत रूढ होत आहे. पद्धत चांगली आहे. परंतु तो दिवस आपण कसा घालवतो, यावर परतीच्या घाटातील आपली सुरक्षितता अवलंबून असते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

प्रथम गाडी चालविणाऱ्या व्यक्तीचा विचार करू. लवकर निघायचे म्हणून ती पहाटे ३ वाजता उठते. रात्री ८ वाजता ती सलग १७ तास जागी असते. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले, की इतक्या जागरणानंतर माणसाची कार्यक्षमता, रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असताना असते तितकी खालावते. आपल्या मोटार वाहन कायद्याने घालून दिलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. मद्याला स्पर्शही न केलेला कुटुंबवत्सल गृहस्थ केवळ जागरणामुळे त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत स्टिअरिंगवर बसलेला असू शकतो.

‘हॉटेलात एक रात्र झोपलो की थकवा जाईल’ असे आपण मानतो. येथेच गफलत होते. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांना २०१६ मध्ये असे आढळले, की अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धगोल उजव्यापेक्षा अधिक सावध असतो. जणू तो पहाऱ्यावर असतो. त्याच जागी पुन्हा झोपल्यावर हा फरक मावळला. गादी कितीही मऊ असली तरी पहिली रात्र अर्धी पहाऱ्यातच जाते. खरी विश्रांती मिळते ती दुसऱ्या रात्री. म्हणून विश्रांतीचा दिवस ठरवताना मुक्काम दोन रात्रींचा ठेवावा. खर्चाचा मेळ बसत नसेल, तर एका महागड्या रात्रीपेक्षा साध्या, स्वच्छ निवासातील दोन रात्री प्रकृतीला अधिक हितावह ठरतात.

खोलीचे भाडे मोठे असले की ‘पैसे वसूल’ करण्याची वृत्ती बळावते. पहाटेचा सूर्योदय, नाश्त्याला मांडलेले सगळे पदार्थ, तरणतलाव, दुपारी किल्ला, संध्याकाळी बाजार! विश्रांतीचा दिवस प्रवासाच्या दिवसाहून दमवणारा ठरतो. त्याऐवजी दोनच गोष्टी ठरवाव्यात: सकाळी वाळूवरून संथ फेरफटका आणि दुपारी अर्ध्या तासाची झोप. चालण्याला कारण आहे. चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालात नमूद आहे. मूळ धोका अल्प असला, तरी पूर्वी गुठळी झालेल्यांनी, गर्भवतींनी आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

घाटमाथ्याच्या कोरड्या हवेची सवय असलेल्या शरीराला किनाऱ्यावरील दमटपणा जड जातो. घाम येतो, पण लवकर वाळत नाही. शहाळे, ताक, साधे पाणी वरचेवर घ्यावे. मद्याने झोप लवकर लागली, तरी उत्तररात्री ती मोडते. समुद्रात उतरण्यापूर्वी जीवरक्षकांची सूचना ऐकावी. लाल निशाण असेल तेथे पाण्यात पाऊल टाकू नये.

आणखी एक व्यक्ती विसरू नका. बॅगा भरणारी, औषधे आठवणीने घेणारी, मुलांच्या मागे धावणारी घरातील स्त्री हॉटेलातही विसावत नाही. त्या दिवशी मुलांची जबाबदारी इतरांनी वाटून घ्यावी आणि ‘आता काय करायचे?’ हा प्रश्न तिला विचारू नये.

नोव्हेंबर १९८३ मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल परिषद भरली असताना मध्येच राष्ट्रप्रमुखांना विसाव्यासाठी गोव्याच्या किनाऱ्यावर नेण्यात आले होते. ज्यांच्या खांद्यांवर देशांचा भार, त्यांनाही मधला विसावा आवश्यक वाटला. मग ज्याच्या हाती आपले सारे कुटुंब आहे, त्याला तो का नाकारावा?

परतीच्या सकाळी गाडीची हवा, तेल आपण तपासतोच. त्याआधी चालकाला एवढेच विचारा, ‘झोप पुरेशी झाली का?’ उत्तर देताना तो घुटमळला, तर घाट चढण्याची घाई करू नका. घर कोठेही जात नाही.