ॲम्प्लिफायर गेला, की नुसती वायर?

समजा, गणपतीसाठी एक कुटुंब पहाटे गावाकडे निघाले आहे. मागे मुले, डिकीत पिशव्या, त्यांवर मखराचे खोके. गाडीत गाणी चालू आहेत. घाटातल्या एका खड्ड्यात गाडी दणकन आदळते आणि आवाज बंद पडतो. डेकचा दिवा चालू, आकडे पळताहेत, पण स्पीकर मुके! पुढचा प्रवास मुलांच्या भुणभुणीत पार पडतो. गावी पोहोचल्यावर जावईबापू बॉनेट उघडतात. बॅटरीजवळचा फ्यूज उडालेला असतो. जवळ दुसरा नाही, दुकाने बंद. मग चॉकलेटच्या वेष्टनातली चांदी काढून ती फ्यूजच्या जागी बसवण्याची तयारी सुरू होते. तेवढ्यात एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले मामा ओसरीवरून खाली येतात आणि म्हणतात, “जावईबापू, ती चांदी आधी खिशात ठेवा. गाणी नाही वाजली तरी चालेल, गाडी शाबूत राहू द्या.”

मामांच्या सांगण्यात बरेच काही आहे. फ्यूज उडाला म्हणजे फ्यूज बिघडला, असा अनेकांचा समज असतो. खरे तर त्याने आपले काम चोख केलेले असते.

गाडीत ॲम्प्लिफायर लागतोच कशाला? गाडीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. एवढ्या दाबात डेक एका स्पीकरला जेमतेम २० वॉटच्या आसपास खरी ताकद देऊ शकतो. डब्यावर आकडा कितीही मोठा छापलेला असो. जास्त ताकद हवी तर हा दाब आधी वाढवावा लागतो. ॲम्प्लिफायरच्या पोटात त्यासाठी वेगळा विभाग असतो. तो बॅटरीची वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून एका कडीसारख्या ट्रान्सफॉर्मरमधून नेतो आणि दाब चढवतो. १९३० च्या दशकातल्या गाड्यांतल्या व्हॉल्व्हच्या रेडिओंनाही हीच अडचण होती. त्यांत थरथरणारी पाती हे तोडजोडीचे काम करीत.

फुकट मात्र काही मिळत नाही. स्पीकरला २०० वॉट द्यायचे तर जुन्या पद्धतीचा ॲम्प्लिफायर बॅटरीकडून सुमारे ४०० वॉट घेतो. उरलेल्यांची उष्णता होते. १३.८ व्होल्टला ४०० वॉट म्हणजे जवळजवळ २९ अँपिअर. बॅटरीपासून डिकीपर्यंत गालिच्याखालून जाणाऱ्या वायरीतून एवढा प्रवाह वाहत असतो. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून लोक त्याला निरुपद्रवी समजतात. पण हीच वायर कुठे पत्र्याला टेकली, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते. वायर लाल होते, तिचे आवरण पेटते, मग गालिचा, मग सीट. बॅटरीजवळचा फ्यूज असतो तो या वायरीच्या रक्षणासाठी, ॲम्प्लिफायरच्या नव्हे. म्हणून तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. चांदी, तार किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज त्याच्या जागी घालणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून दार उघडे टाकणे. पात्याच्या फ्यूजचे रंग लक्षात ठेवावेत: १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. पिवळा उडाला तर पिवळाच बसवावा, तोही कारण सापडल्यावर.

आता तपासणी. त्यासाठी एक साधा मल्टीमीटर पुरतो. पद्धत मात्र क्रमाने हवी.

ॲम्प्लिफायरचा दिवाच लागत नसेल तर त्याच्या तीन टोकांवर लक्ष द्यावे. एक बॅटरीकडून येणारे, दुसरे अर्थचे आणि तिसरे ‘रिमोट’चे. मीटरची काळी सळई अर्थच्या टोकाला लावून लाल सळई बॅटरीच्या टोकाला टेकवावी. इथे १२ च्या वर आकडा हवा. मग रिमोटच्या टोकाला टेकवावी. डेक चालू केला की तिथे १२ आणि बंद केला की शून्य दिसले पाहिजे. रिमोटची बारीक वायर डेकच्या मागे निसटलेली असणे हा अगदी नेहमीचा दोष आहे. उलट डेक बंद करूनही तिथे १२ व्होल्ट राहत असतील, तर ॲम्प्लिफायर रात्रभर जागा राहतो आणि सकाळी गाडीला धक्का मारावा लागतो.

दुसरा संशयित अर्थ. ठोका पडला की आवाज तुटतो, दिवे मिणमिणतात, ॲम्प्लिफायर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, ही त्याची लक्षणे. अर्थची वायर रंगावरच स्क्रूने आवळलेली असते, किंवा तिथे गंज चढलेला असतो. त्या सांध्यात केवळ ०.१ ओहम अडथळा असला, तरी ३० अँपिअरला तिथे ३ व्होल्ट गळतात. इंजिन बंद असेल तर १२.६ पैकी ९.६ च उरतात आणि बरेच ॲम्प्लिफायर साधारण १० व्होल्टच्या आसपास मान टाकतात. गाणे मोठ्याने चालू असताना बॅटरीचे ऋण टोक आणि ॲम्प्लिफायरचे अर्थचे टोक यांच्यामध्ये मीटर लावावा. एक व्होल्ट किंवा जास्त दिसला तर दोष सापडला. उपाय सोपा आहे. रंग पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत पत्रा उघडा करावा, वायरीला लग बसवून नट-बोल्टने घट्ट आवळावे आणि गंज चढू नये म्हणून वरून ग्रीस लावावे. सीटबेल्टच्या बोल्टला मात्र अर्थ कधीही जोडू नये.

लाल दिवा लागला तर ॲम्प्लिफायर स्वतःला वाचवण्यासाठी बंद झाला आहे, असे समजावे. सर्व बंद करून स्पीकरच्या वायरींवर खुणा कराव्यात, त्या सोडवाव्यात आणि पुन्हा चालू करून पाहावे. लाल दिवा गेला तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरीत. मग एकेक स्पीकर जोडत गेले की चोर सापडतो. चार ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर चारहून थोडे कमी दाखवतो. शून्याजवळचा आकडा म्हणजे शॉर्ट, काहीच न दाखवणे म्हणजे तुटलेली तार. चार ओहमचे दोन वूफर समांतर जोडले तर दोनच ओहम उरतात. ॲम्प्लिफायरला ते झेपते का, हे त्याच्या पुस्तिकेत पाहावे.

अर्ध्या-पाऊण तासाने बंद पडून थंड झाल्यावर आपोआप सुरू होणारा ॲम्प्लिफायर बहुधा धडधाकट असतो; त्याला हवा हवी असते. सणाच्या प्रवासात त्याच्यावर चादरी आणि पिशव्या रचल्या तर तो दुसरे काय करणार?

इंजिनाबरोबर चढणारी शिटी ऐकू येत असेल तर वीज आणि गाण्याच्या वायरी गाडीच्या एकाच बाजूने नेल्या आहेत का ते पाहावे. त्या दोन बाजूंनी न्याव्यात आणि अर्थही तपासावा.

हे सर्व पाहूनही, स्पीकर आणि गाण्याच्या वायरी सोडवल्यावरही लाल दिवा कायम असेल, किंवा ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तरच पेटीच्या आत बिघाड समजावा. बहुधा वीज विभागातले किंवा शेवटच्या टप्प्यातले ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेले असतात; कधी कपॅसिटर फुगलेले असतात. हे काम घरी करू नये. चांगला कारागीर दुरुस्तीनंतर आधी मालिकेत दिवा जोडून ॲम्प्लिफायर चालू करतो आणि स्पीकर लावण्यापूर्वी त्याच्या टोकांवर एकदिश वीज जवळजवळ शून्य आहे ना, हे बघतो. ती नसली तर नवा स्पीकर पहिल्याच मिनिटात जळू शकतो. या दोन गोष्टी केल्या का, हे गिऱ्हाइकाने विचारायला संकोच करू नये.

मामांनी त्या सकाळी काय केले? आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवले. ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज शाबूत होता, उडाला होता तो बॅटरीजवळचा. म्हणजे बहुधा दोष दोन्हींच्या मधल्या वायरीत. इंजिन आणि बैठक यांमधल्या पत्र्यातून वायर जिथे आत शिरते, तिथे रबराचे बूच घातलेले नव्हते. पत्र्याच्या धारेने आवरण खाल्ले होते आणि खड्ड्यातल्या दणक्याने तांबे पत्र्याला टेकले होते. चांदी बसवली असती तर पहिला धूर तिथूनच निघाला असता.

दुकानात नेली असती तर कदाचित नवा ॲम्प्लिफायर गळ्यात पडला असता आणि वायर तशीच राहिली असती. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! संध्याकाळी वायरीचा तेवढा तुकडा बदलला, भोकात रबर बसले, तालुक्याहून त्याच रंगाचा फ्यूज आला. परतीच्या वाटेवर गाणी चालू होती आणि हातमोज्यांच्या कप्प्यात जादा फ्यूजची पुडी होती.