शाळा उघडण्यापूर्वीची घरातली तयारी



हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा शाळा उघडण्यास जेमतेम पंधरवडा उरलेला असेल. वसई-विरारच्या बाजारात वह्या, दप्तरे, रेनकोट आणि छत्र्या शेजारी शेजारी टांगलेल्या दिसू लागल्या आहेत. ज्या घरात शिक्षक किंवा शिक्षिका आहे, तेथे तयारी केव्हाच सुरू झालेली असते: वार्षिक नियोजन, वेळापत्रक, नव्या वर्गाची यादी, हजेरीपट. अध्यापनाच्या तयारीविषयी शिक्षकांना चार गोष्टी सांगण्याचा अधिकार माझा नाही. मात्र या तयारीत एक रकाना बहुधा रिकामा राहतो आणि त्याचे परिणाम जूनच्या अखेरीस माझ्या दवाखान्यात दिसू लागतात. तो रकाना घरी राहणाऱ्या आजी-आजोबांचा.

मे महिन्याच्या सुटीत शिक्षिका असलेली सून किंवा मुलगी दिवसभर घरी असते. गोळी वेळेवर हातावर पडते, जेवण गरम मिळते, न्हाणीघरात जाताना कोणाचे तरी लक्ष असते. पाच-सहा आठवड्यांत वृद्ध शरीराला आणि मनाला या सोबतीची सवय होते. मग जूनच्या मध्यावर एका सकाळी सूनबाई डबा घेऊन स्टेशनकडे निघतात, नातवंडे दप्तर घेऊन बाहेर पडतात आणि सात वाजता घर रिकामे होते. मुलांसाठी तो शाळेचा पहिला दिवस असतो. आजोबांसाठी तो एकटेपणाचा पहिला दिवस असतो. त्याची तालीम मात्र कोणीही केलेली नसते.

काही वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. आमच्या भागातील एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडे उपचार घेत. वय ऐंशीच्या घरात, हृदय अशक्त. शरीरात साठणारे पाणी लघवीवाटे बाहेर टाकणारी गोळी त्यांना रोज सकाळी आठ वाजता घ्यायची होती. त्यांची सून सकाळच्या सत्रातील प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. उन्हाळ्यात गुरुजींची प्रकृती उत्तम असे. जूनअखेर मात्र पायांवर सूज, रात्री उशाला दोन-तीन उशा आणि जिना चढताना लागणारी धाप अशी तक्रार घेऊन ते येत. पहिल्या वर्षी मी गोळीची मात्रा वाढवली. दुसऱ्या वर्षीही वाढवली. तिसऱ्या वर्षी सूनबाई औषधे आणायला बाहेर गेल्या असताना मी त्यांना सहज विचारले, ‘गुरुजी, गोळी रोज घेता ना?’

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘डॉक्टर, ती गोळी घेतली की पाच-सहा वेळा उठावे लागते. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरला होता. घरात कोणी नसताना मी पडलो, तर सूनबाई नोकरी सोडतील. म्हणून शाळेच्या दिवशी मी ती गोळी घेत नाही. पाणीही बेताचेच पितो.’

जी गोळी ते घेतच नव्हते, तिचीच मात्रा मी दोन वर्षे वाढवत होतो. गोळी लिहून देताना ‘त्या वेळी घरी कोण असते?’ हा एक साधा प्रश्न मी विचारला नव्हता. चूक माझी होती.

उपाय फारसा अवघड निघाला नाही. त्या गोळीचा परिणाम साधारण तासाभरात सुरू होतो आणि सुमारे सहा तास राहतो. सूनबाई दुपारी दीडपर्यंत घरी येत. म्हणून गोळीची वेळ दुपारी दोनची ठरवली. म्हणजे उठण्या-बसण्याच्या वेळी घरात माणूस असेल आणि रात्रीची झोपही मोडणार नाही. मात्रा पुन्हा पहिल्याइतकी केली. न्हाणीघरात भिंतीला आधाराचा दांडा बसवला, कमोडची बैठक उंच केली. सकाळी दहा वाजता शेजारच्या काकू दाराची बेल वाजवून चौकशी करू लागल्या. सूनबाईंची नोकरी सुटली नाही आणि गुरुजींची धापही थांबली. (वाचकांनी मात्र आपल्या गोळीची वेळ स्वतःच्या मनाने बदलू नये. प्रत्येक औषधाचे गणित निराळे असते. ते आपल्या डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.)

या प्रसंगाने मला आपल्याच जिल्ह्यातील एका जुन्या प्रयोगाची आठवण करून दिली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेव्हा हा ठाणे जिल्हा होता. 2014 पासून तो भाग पालघर जिल्ह्यात आहे. आदिवासी पाड्यांवरील मुले शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरवली. आधी मुलांची स्वच्छता, मग दगड, पाने, शिंपले यांसारख्या हाताशी असलेल्या वस्तूंतून शिक्षण, असा तो क्रम होता. मूल दिवसाच्या कोणत्या वेळी कोठे असते, काय करत असते, हे पाहून त्यांनी शाळा बेतली.

वृद्धांच्या शुश्रूषेलाही हेच सूत्र लागू पडते. औषधांचा कागद घराच्या दिनक्रमावर लादायचा नसतो. घराचा दिनक्रम पाहून तो बेतायचा असतो. अलीकडे पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी आपल्या राज्यात शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात. मुलाला रंग ओळखता येतात का, उडी मारता येते का, हे पाहून आईला मार्गदर्शन केले जाते. घरातील वृद्धांसाठी असा मेळावा कोणी भरवणार नाही. तो आपणच घरी भरवायचा आहे, आणि त्यासाठी पंधरा दिवस पुरेसे आहेत.

आज किंवा उद्या एक कोरा कागद घ्या. त्यावर शाळा सुरू झाल्यानंतरचा दिवस सकाळी पाचपासून रात्री दहापर्यंत तासांनुसार लिहा. घरात कोणीही नसेल ते तास लाल रेघेने दाखवा. मग त्या लाल तासांत आजी-आजोबांची कोणती गोळी, कोणते खाणे आणि कोणती हालचाल येते, ते नोंदवा. शिक्षकांना वेळापत्रक करण्याची सवय असते, त्यामुळे हे काम अर्ध्या तासाचे आहे. मात्र ते वृद्धांना समोर बसवून, त्यांना विचारून करावे. त्यांच्याविषयी ठरवलेले वेळापत्रक आणि त्यांच्यासह ठरवलेले वेळापत्रक यांत फार अंतर असते. तो कागद घेऊन याच आठवड्यात आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि लाल तासांतील औषधे पुढे-मागे करता येतील का, ते विचारावे.

मधुमेहींच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. साखर कमी करणारी काही औषधे जेवणाआधी घ्यायची असतात. गोळी घेतली आणि ‘सूनबाई आल्यावर एकत्र जेवू’ म्हणून जेवण लांबवले, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. दरदरून घाम, हातांना कंप, धडधड, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे. साखरेची डबी वृद्धांच्या हाताशी ठेवावी, वरच्या फळीवर नव्हे.

शाळा उघडण्यापूर्वीच्या आठवड्यात किमान दोन दिवस तालीम करावी. शिक्षिकेने खरोखरच सकाळी सात ते दुपारी एक घराबाहेर राहावे. शेजारी बसावे, पण घरात येऊ नये. डब्यातील जेवण आजोबांना उघडता येते का, फोन उचलता येतो का, बेल वाजल्यावर दारापर्यंत ते न घाईने जातात का, हे या तालमीत कळते. एका घरात अशा तालमीत असे आढळले की गोळ्यांच्या नव्या डबीचे झाकणच आजींना संधिवातामुळे उघडत नव्हते. पहिल्या दिवशी कळण्यापेक्षा ते आधी कळलेले बरे.

जून म्हणजे आपल्याकडे पावसाची सुरुवात. ओटीवर, अंगणात, विहिरीच्या कठड्याजवळ शेवाळ धरते. इमारतींच्या जिन्यात छत्र्यांचे पाणी ठिबकते. न्हाणीघरात आधाराचा दांडा आणि न घसरणारी रबरी चटई, पलंगापासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर रात्री मंद दिवा आणि पायांत मागून पट्टा असलेली चप्पल, एवढी सोय शाळेआधी करून घ्यावी.

पावसाचे दुसरेही संकट आपल्या चांगलेच परिचयाचे आहे. 2018 च्या जुलैमध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचले आणि वसई-विरार दरम्यानची रेल्वे वाहतूक ठप्प झाली. असा दिवस कोणत्याही वर्षी येऊ शकतो. विरारहून पालघर-बोईसरकडे किंवा मुंबईकडे शाळेत जाणारी शिक्षिका त्या दिवशी वेळेवर परतणार नाही. म्हणून चालत येऊ शकेल अशा एका शेजाऱ्याकडे घराची किल्ली असावी, घरात दोन दिवसांची औषधे आणि कोरडा खाऊ जास्तीचा असावा. मोठ्या अक्षरांत लिहिलेले फोन क्रमांक भिंतीवर लावावेत: शेजारी, शाळेचे कार्यालय, आपले डॉक्टर, रुग्णवाहिकेसाठी 108, आपत्कालीन मदतीसाठी 112 आणि ज्येष्ठ नागरिकांच्या मदतवाहिनीसाठी 14567.

आता दोन शब्द शिक्षिकांसाठी. घरातील शुश्रूषा आणि वर्ग या दोन्ही गोष्टी तुम्हीच पेलत असता, म्हणून तुमची प्रकृती ही घराची गरज आहे. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते; उठण्याची वेळ पहाटेची होणार असेल, तर त्या वेळेची सवय आतापासून करावी. शाळेत स्वच्छतागृहाची गैरसोय म्हणून पाणी न पिण्याची सवय अनेकींना असते. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. गुरुजींनी पाणी कमी केले आणि तुम्हीही करता, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. रक्तदाब, साखर आणि डोळ्यांची तपासणी शाळेआधीच उरकावी.

आवाजाचे म्हणाल, तर सुटीत विसावलेल्या गळ्यावर पहिल्याच दिवशी पाच-सहा तासिकांचा भार पडतो. त्यासाठी एक सोपा उपाय सुचवतो. आजपासून रोज दहा-पंधरा मिनिटे आजोबांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवा. ओरडू नका, सावकाश, स्पष्ट वाचा, मधे पाण्याचे घोट घ्या. तुमचा गळा तयार होईल, आजोबांना सोबत मिळेल आणि त्यांना नीट ऐकू येते की नाही हेही कळेल. पुष्कळदा कानातील मळ काढताच दाराची बेल ऐकू येऊ लागते. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर मात्र घरगुती काढ्यांवर न विसंबता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

शेवटची विनंती आमच्या ज्येष्ठ वाचकांना. मुलांच्या नोकरीत आपला अडथळा नको, या भावनेने आपण त्रास लपवता. ती भावना मोठी आहे. पण लपवलेला त्रास शेवटी रुग्णालयात उघड होतो, आणि तेव्हा मुलांना जी रजा काढावी लागते ती महिन्याभराची असते. गुरुजींनी गोळी न घेण्याचे कारण मला तीन वर्षे सांगितले नाही, ते सुनेच्या मायेपोटी. पण सुनेची नोकरी वाचली ती त्यांनी ते सांगितले म्हणून. न्हाणीघरात जायची भीती वाटते, रात्री तोल जातो, गोळ्यांचे रंग ओळखू येत नाहीत, एकटे असताना जेवण जात नाही: यांत लाजण्यासारखे काही नाही. शाळा उघडण्याआधी, या पंधरवड्यातच ते सांगून टाका. जे सांगितले जाते, त्याची सोय करता येते.

गुरुजींनी पुढे स्वतःच एक सोय केली. सूनबाईंच्या जुन्या हजेरीपटातील एक कोरे पान मागून घेतले, त्यावर मुलांच्या नावांच्या जागी आपल्या गोळ्यांची नावे लिहिली आणि गोळी घेतली की त्या तारखेखाली ‘ह’ लिहू लागले. दर महिन्याला ते पान दवाखान्यात माझ्यापुढे ठेवत. एखाद्या दिवशी ‘गै’ दिसला की मी विचारण्यापूर्वीच त्याचे कारण सांगत.