बेशरम उपटण्याआधी निर्गुडी लावा

बीड जिल्ह्यात पाणथळ जागा म्हणजे पाझर तलावाचं बूड, बंधाऱ्यामागचा चिखल आणि सिंदफणा-बिंदुसरेला मिळणाऱ्या ओढ्यांचे काठ. तिथं बारा महिने हिरवं राहणारं झुडूप म्हणजे बेशरम. तलावाच्या बुडाला भेगा पडल्या तरी ती कर्ण्यासारखी गुलाबी फुलं मिरवत उभी असते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना 2017 साली आली. गाळ उपसायला पोकलेन आला की ‘ही पण एकदाची काढून टाका’ असं गावोगाव म्हटलं जातं. म्हणणं रास्त आहे, पण त्यात घाई आहे.

बेशरमीवरचे आरोप खोटे नाहीत. ती मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. आपल्याकडे शोभेसाठी आणि कुंपणासाठी आली आणि पाण्याच्या वाटेनं पसरली. तलावाच्या कडेला दाटली की गाळ अडवून पाण्याची जागा खाते, जनावरांची पाण्यावर जायची वाट बंद करते. त्याहून मोठा धोका शेळ्यांना. एरवी शेळी या पाल्याला तोंड लावत नाही. पण दुष्काळात रानात दुसरं हिरवं काही उरत नाही, तेव्हा ती खाते आणि मग तिला चटक लागते. पाल्यातल्या स्वेन्सोनीन या विषानं मज्जासंस्था बिघडते. मान लटलटते, पाय अडखळतात, जनावर खंगत जातं. उस्मानाबादी शेळीवर ज्या घरांचा वर्षाचा खर्च भागतो, त्यांना हा तोटा परवडत नाही.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. जनावर खात नाही म्हणून तर लोकांनी हे फुकटचं कुंपण बांधाला लावलं. वाळली की तिच्यावर चूल पेटते. आणि रुंद-खोल केलेल्या ओढ्यांच्या उघड्या काठांवर आज माती धरून ठेवणारं दुसरं आहे तरी काय? बालाघाटाच्या उतारावरून येणारं पाणी तासाभरात लोंढा होतं. मे महिन्यात काठ साफ केला, तर जूनमध्ये काठच तलावात येईल आणि पुन्हा गाळ काढायची निविदा निघेल. (काहींची त्याला हरकत नसावी.)

म्हणून एकच नियम सगळीकडे लावू नये. तलावाचं पोट, सांडवा आणि कालवा इथून बेशरम आधी काढावी. तिथं तिच्या जागी काही लावायचंही नाही. ढासळत्या काठावर मात्र आधी निर्गुडी धरू द्यावी, मग बेशरम टप्प्याटप्प्यानं काढावी. निर्गुडी इथलीच, नाल्याकाठची. तिला शेळ्या सहसा खात नाहीत, मुळं माती आवळून धरतात, पाला धान्यात घालायला आणि दुखऱ्या सांध्यांना शेकायला लागतो. पाण्यात महिनोन्महिने बुडून राहणं मात्र तिला जमत नाही. तिची ओळ पूररेषेच्या जरा वरच हवी.

लागवड अवघड नाही. पहिला चांगला पाऊस झाला की अंगठ्याएवढ्या जाडीच्या, हातभर लांबीच्या काड्या तोडाव्यात, डोळे वर ठेवून दोन तृतीयांश जमिनीत गाडाव्यात आणि बुडाशी माती घट्ट दाबावी. काड्या तिरप्या आणि दाट लावल्या तर काठ लवकर बांधला जातो.

काढणीत मात्र यंत्रानं घोटाळा होतो. पोकलेनच्या दातांखाली बेशरमीचे तुकडे होतात, आणि डोळा असलेला बोटभर तुकडा ओल्या चिखलात पडला की त्याला मुळं फुटतात. एका झुडपाची दहा झुडपं होतात. त्यामुळे पाणी आटल्यावर, एप्रिल-मेमध्ये, कुदळीनं मुळासकट काढून ती कोरड्या मुरमावर कडकडीत वाळवावी. ओढ्यात ढकलू नये. टू-फोर-डी या तणनाशकाची फवारणी स्वस्त वाटते, पण त्या पाण्यावर गुरं येतात आणि शेजारी कापूस असला तर नुसत्या वाऱ्यावर आलेल्या औषधानंही त्याची पानं आकसतात.

एप्रिल-मेची मजुरी जुळण्यासारखी आहे, कारण तोवर ऊसतोड टोळ्या गावी परतलेल्या असतात. संगोपनाचं गणित मात्र जुळत नाही. जूनमध्ये लावलेल्या निर्गुडीला खरी गरज पहिल्या उन्हाळ्यात, फेब्रुवारीपासून, आठवड्याला एखाद्या पाण्याची. आणि दसरा-दिवाळीनंतर हातपाय धड असलेली निम्मी गावं कारखान्यांच्या फडात. मागे राहतात म्हातारी माणसं. त्यांना हंडे वाहायला लावायचे असतील तर रोजगार हमीतून त्याची मजुरी मिळायला हवी. नुसत्या लागवडीचं बिल काढून भागणार नाही. ही तरतूद ज्या ग्रामपंचायतीला जमणार नाही, तिनं यंदा काठाला हात न लावता फक्त तलावाचं पोट मोकळं करावं.

निर्गुडीच्या फोकांच्या टोपल्या आणि कणग्या विणून गावात पैसा येईल, असंही कुणी सांगू नये. टोपलीची जागा प्लॅस्टिकच्या क्रेटनं घेतली आहे आणि कणगी आता फार थोड्या घरांत उरली आहे.