नेतृत्वाचें थोतांड आणि कॉलेजचें मैदान

खेळानें अंगीं नेतृत्वगुण बाणतात, हें वाक्य आज इतकें सर्वमान्य झालें आहे कीं, तें उच्चारणाऱ्यास पुराव्याची गरजच वाटेनाशी झाली आहे. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेंत तें छापलेलें असतें. स्नेहसंमेलनाचे पाहुणे तें हमखास उच्चारतात. आणि मुलाला मैदानावर धाडावें कीं क्लासला, या विवंचनेंत पडलेले आईबाप त्याच वाक्यानें आपलें समाधान करून घेतात. वॉटर्लूची लढाई ईटनच्या क्रीडांगणावर जिंकली गेली, असा एक उद्गार वेलिंग्टनच्या तोंडीं घालण्यांत येतो. तो त्यानें काढल्याचा विश्वसनीय पुरावा नाहीं; पण इंग्रजी शिक्षणाबरोबर ती समजूत आपल्याकडे आली आणि येथें चांगली मुरली. आमचें म्हणणें असें कीं, निदान आपल्या कॉलेजांपुरतें हें वाक्य बहुतांशीं खोटें आहे. खेळानें शरीर कसतें, भूक लागते, झोंप येते. नेतृत्व मात्र खेळाच्या पोटीं आपोआप जन्मास येत नाहीं. तें कोणी तरी मुलांच्या हातीं द्यावें लागतें, आणि देणाऱ्याला त्यासाठीं स्वतःच्या हातचें कांहीं सोडावें लागतें. तें सोडण्याची आमच्या प्रशिक्षकांची तयारी नाहीं, आणि त्यांनीं तें सोडावें अशी आम्हां पालकांची इच्छाही नाहीं.

कोणत्याही आंतरमहाविद्यालयीन कबड्डीच्या सामन्याला जाऊन पाहावें. चढाईला गेलेल्या मुलीजवळ तीस सेकंद असतात. समोर सात जणी, पाठीशीं कोणी नाहीं. बोनसची रेघ ओलांडावी, कोपऱ्यांतल्या खेळाडूला पाय लावावा, कीं रिकाम्या हातीं परत यावें, हा निर्णय तिचा एकटीचा. मनुष्याला निर्णय घ्यावयास शिकविणारी याहून चांगली तीस सेकंदांची शाळा आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु नेमकीं हींच तीस सेकंदें बाहेर बसलेला प्रशिक्षक आपल्या आरड्याओरड्यानें भरून काढतो. 'आंत जा', 'मागें ये', 'अग, डोकें आहे कां' — आणि गुण गेला कीं सर्वांदेखत उद्धार. संघाची कर्णधार या वेळीं काय करीत असते? ती बाकाकडे पाहत असते. नाणेफेकीला जाणें आणि गुणपत्रिकेवर सही करणें, एवढींच तिचीं कामें उरलेलीं आहेत.

यावर आम्हांस 'शिस्त' हा शब्द ऐकविण्यांत येतो. आम्ही स्वतः जवळजवळ तीस वर्षें वर्गांत उभे राहून शिकवीत आलों आहों. शिस्तीचें महत्त्व आम्हांस कोणी पढवावें असें नाहीं. परंतु जो प्राध्यापक परीक्षेच्या दालनांत विद्यार्थ्याच्या कानाशीं उत्तरें ओरडूं लागेल, त्याला आपण शिस्तप्रिय म्हणूं काय? सराव हा वर्ग आहे. तेथें बोलावें, रागवावें, शंभर वेळां तोच डाव करवून घ्यावा. सामना ही परीक्षा आहे. ती मुलांनीं द्यावयाची असते.

मोठ्या माणसानें मैदानाबाहेर राहून करावयाचें खरें काम कोणतें, याचें उदाहरण शोधण्यास फार दूर जावयास नको. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत शिकत होते. कॉलेजच्या वार्षिक सामन्यांत कुस्तीसाठीं नांव द्यावयास ते गेले, तेव्हां त्यांची किरकोळ अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकानें त्यांना परत पाठविलें, असें सांगतात. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. प्राचार्यांनीं परवानगी दिली आणि या किरकोळ मुलानें आपल्याहून थोराड गड्यांना चीत केलें. पुढें १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें ते सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीला जाण्यास पैसे नव्हते. सरकारदरबारीं दाद लागली नाहीं. तेव्हां याच खर्डेकरांनीं स्वतःचें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं ब्राँझपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

या कथेंतला पदकाचा भाग सर्वांस पाठ आहे. आमचें लक्ष दुसरीकडे आहे. खर्डेकर कांहीं कुस्तीचे वस्ताद नव्हते. ढाक किंवा धोबीपछाड त्यांनीं खाशाबांना शिकविला नाहीं. त्यांनीं केलें तें इतकेंच कीं, एकदां दार उघडलें आणि एकदां घर गहाण टाकलें. निर्णय मुलाचा, जोखीम आपली! आणि ह्याच्या अगदीं उलट प्रकार हेलसिंकींतच घडला. एक दीर्घ कुस्ती संपते न संपते तोंच खाशाबांना पुढच्या कुस्तीला उभें करण्यांत आलें. मधल्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम दाखवून भांडावयास त्या वेळीं तेथें एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता, असें या प्रसंगाविषयीं वारंवार लिहिलें गेलें आहे. आमच्या अधिकाऱ्यांची ही जुनी खोड आहे. जेथें मुलानें बोलावें तेथें हे ओरडतात, आणि जेथें ह्यांनीं बोलावें तेथें ह्यांचा पत्ता नसतो.

आतां कर्णधार नेमतें कोण, आणि कशावरून, हा दुसरा प्रश्न. आमचे वाचक सुशिक्षित व पांढरपेशे आहेत, म्हणून त्यांस हा इतिहास थोडा बोचेल, बोचावा. पुण्याच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखतां राखतां पी. बाळू यांनीं गोलंदाजीची विद्या मिळविली. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरावर बळी घेतले. हिंदु संघाचे ते आधारस्तंभ. पण जन्मानें अस्पृश्य मानलेल्या जातीचे, म्हणून हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांना मिळालें नाहीं. १९२० सालीं कर्णधार पै आजारी पडले, तेव्हां बाळूंचे बंधु विठ्ठल यांना डावलून प्रो. दि. ब. देवधरांकडे तें पद देण्यांत आलें. विठ्ठल आणि शिवराम या दोघां बंधूंनीं संघांतून माघार घेतली. देवधर हे संस्कृतचे प्राध्यापक, थोर खेळाडू. १९३९-४० आणि १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें रणजी करंडक जिंकला. त्यांच्या योग्यतेविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार निवडणाऱ्यांविषयीं आहे. १९२३ सालीं विठ्ठल पळवणकर कर्णधार झाले आणि त्याच वर्षीं हिंदु संघानें चौरंगी सामने जिंकले. म्हणजे जी योग्यता मैदानावरच्या सर्वांना दिसत होती, ती समितीच्या खोलींत दिसावयास मध्यें इतकीं वर्षें जावीं लागलीं. आज कोणी जात विचारून कर्णधार नेमीत नाहीं, असें आपण म्हणतों. बरें, तसें असेल. पण इंग्रजींत चटपटीत बोलणारा, देणगीदाराच्या ओळखींतला, प्रशिक्षकाच्या पुढें मान हलविणारा मुलगा कर्णधार होतो आणि एस्. टी. च्या पहिल्या गाडीनें सरावाला येणारा मुलगा होत नाहीं, हें आम्ही अनेक कॉलेजांत पाहिलें आहे.

एक प्रकार तर आमच्या घरापर्यंत आला. आमची मुलगी ज्या कॉलेजांत शिकते (त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, तसलीं कॉलेजें पुष्कळ आहेत), तेथील कबड्डी संघांतल्या एका धाकट्या मुलीचा गुडघा सुजला होता. उपांत्य सामन्याआधीं कर्णधार मुलीनें प्रशिक्षकांना स्पष्ट सांगितलें, 'सर, ही आज खेळणार नाहीं. हिच्या ऐवजीं राखीव खेळाडू उतरवूं.' सर्व जन्मांत कॉलेजच्या त्या मैदानावर नेतृत्वाचें एवढें एकच वाक्य उच्चारलें गेलें असेल! त्याचें बक्षीस म्हणून दुसऱ्या दिवशीं तिचें कर्णधारपद काढून घेण्यांत आलें, कारण, उद्धटपणा. सूज असलेली मुलगी खेळली, आणि नंतर दोन महिने काठी घेऊन चालली. रिकामें झालेलें पद आमच्या मुलीस देऊं केलें. तिनें घरीं येऊन विचारलें, "बाबा, जिनें खरें सांगितलें तिचें पद मीं घ्यावें कां?" आम्ही म्हटलें, निर्णय तुझा. तिनें नकार कळविला आणि पुढच्या यादींत तिचें नांव राखीवांत गेलें.

आम्हांस वाईट वाटलें तें याचें नव्हे. वाईट वाटलें तें आमच्याच वर्गांतील पालकांचें. एकामागून एक सद्गृहस्थ येऊन 'संधी घालविलीत' असें सांगून गेले. बारावीपर्यंत खेळाचे वाढीव गुण, पुढें सरकारी नोकरींत खेळाडूंसाठीं राखून ठेवलेल्या पांच टक्के जागा, ह्यांचा हिशेब त्यांच्या तोंडावर होता. खेळाडूंस सवलती मिळाव्यात याला आमचा विरोध नाहीं. चिखलांत वर्षें घालविणाऱ्या गरिबाच्या मुलाला दुसरा आधार तो काय? परंतु प्रमाणपत्र हेंच फळ ठरलें कीं झाड कोणतें आहे याची चौकशी कोणी करीत नाहीं. बनावट क्रीडा-प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळविल्याचीं प्रकरणें महाराष्ट्रांत उघडकीस आलीं, तीं कांहीं आकाशांतून पडलेलीं नाहींत. जो बाप प्रशिक्षकाला 'काय वाटेल तें करा, पण पोराला संघांत ठेवा' असें सांगतो, त्यानेंच त्या प्रशिक्षकाच्या हातीं शिवी आणि छडी दोन्हीं दिलेलीं असतात.

आमचें गांव परंदवडी, म्हणजे मावळचा मुलूख. येथून थोड्या अंतरावर गहुंज्याला २०१२ सालीं भलें मोठें क्रिकेटचें स्टेडियम उभें राहिलें. पण मावळची खरी आवड अजून यात्रेंतल्या आखाड्याची. जुन्या वस्तादांचे गोडवे गाण्याचा आमचा विचार नाहीं. त्यांच्या हातांत वेताची काठी असे आणि ती चालेही. तरी एक गोष्ट त्यांच्यांत होती: आखाड्यांत हलगी वाजूं लागली आणि सलामी झाली कीं पुढचें सारें पठ्ठ्याचें असे. जवळच लोणावळ्याला १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद हे बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांच्या व्यायामशाळेंत तयार झालेले. गुरूनें आखाडा दिला. शिष्यानें त्यांतून योगाची प्रयोगशाळा काढली, आसनप्राणायाम यंत्रांनीं मोजूं लागला. शिष्याला स्वतःच्या वाटेनें जाऊं देणारा गुरु असल्याखेरीज अशी गोष्ट घडत नसते. आमच्या क्रीडासंचालकांचे किती विद्यार्थी त्यांच्याहून निराळें कांहीं करून दाखवितात, हें त्यांनींच मोजून पाहावें.

प्रशिक्षकांची बाजूही सांगितली पाहिजे. पुष्कळ ठिकाणीं त्यांना तुटपुंजें मानधन मिळतें, नोकरी वर्षावर्षाच्या करारावर असते, आणि करंडक न आल्यास तो करार संपतो. ज्याच्या स्वतःच्या पोटाचा निर्णय सामन्याच्या निकालावर लटकला आहे, त्यानें अठरा वर्षांच्या पोरीच्या हातीं सामना सोंपवावा, ही अपेक्षा थोडी कठोर आहे, हें आम्ही जाणतों. म्हणून दोष पहिल्यानें संस्थाचालकांचा. त्यांना कपाटांत करंडक हवे आहेत. कपाट भरलें कीं माहितीपुस्तिकेंत 'नेतृत्व' छापावयास ते मोकळे.

आमच्या मागण्या साध्या होत्या. कर्णधार खेळाडूंनींच गुप्त मतदानानें निवडावा. सामना चालू असतां प्रशिक्षकानें मध्यंतर व विश्रांतीखेरीज बोलूं नये. दुखापत झालेल्या खेळाडूनें खेळावें कीं नाहीं हें डॉक्टरनें ठरवावें. आणि कर्णधारास काढावयाचें तर कारण लेखी द्यावें. दहा पालकांच्या सह्यांनिशीं असा अर्ज त्या कॉलेजच्या जिमखाना-समितीकडे जावयाचा होता. सह्या तीनच झाल्या. अर्ज तीन सह्यांनीं गेला. पोंच मिळाली आहे. तिसरी एक मुलगी सध्यां कर्णधार आहे, आणि नाणेफेकीला ती नियमानें जाते.